ट्रकच्या मागच्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या ट्रकसाठी आहे?

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या पिढीतल्या पाऊण टनी आणि एक टनी पिकअपसाठी. म्हणजे शेवरले आणि जीएमसीच्या सी आणि के मालिकेतल्या ज्या गाड्यांच्या मागे ‘१४-बोल्ट’ एक्सल आहे, त्यांच्यासाठी. डिफरन्शियलच्या झाकणाला १४ बोल्ट असतात, त्यावरून हे नाव पडलं. क्राउन (डिफरन्शियलमधला मोठा गिअर) १०.५ इंचांचा, चाकाला ८ नट आणि मागे १३ इंची ड्रम.

नुसते १४ बोल्ट मोजून थांबू नका. ९.५ इंची क्राउनच्या एका हलक्या एक्सललाही झाकणावर १४ बोल्टच असतात. खरी खूण चाकाच्या मध्यभागी दिसते. हब रिमच्या बाहेर डोकावत असेल आणि त्याच्या तोंडावर एक्सल शाफ्टचे ८ बोल्ट असतील, तर तो फुल फ्लोटिंग (गाडीचं वजन शाफ्टवर न येणारा), म्हणजे आपल्या कामाचा. मागे जोडचाकं असलेल्या गाडीचा हब वेगळा असतो. खालचे भाग त्याला जसेच्या तसे बसत नाहीत.

डिस्क बसवल्यावर गाडी लवकर थांबेल का?

कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, एकदाच ब्रेक दाबला तर फरक जवळजवळ जाणवत नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं आणि रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी होतात. तिथे ड्रमही चाक सहज जाम करू शकतो. चाक जाम झाल्यावर पुढचं सगळं टायरवर अवलंबून असतं.

फायदा दिसतो तो दुसरीकडे. लांब उतारावर ड्रम तापतो, त्याचा व्यास वाढतो आणि तो लायनरपासून लांब जातो. त्यामुळे पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच येते. नदीनाल्यातून किंवा चिखलातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी आणि माती अडकून राहते, डिस्कवरचं पाणी दोन-चार फेऱ्यांत उडून जातं. शिवाय पॅड बदलायला अर्धा तास पुरतो. या एक्सलवर ड्रम काढायचा म्हणजे बहुधा एक्सल शाफ्ट, बेअरिंगचा नट आणि हब सगळं उतरवायचं.

तुमची गाडी फक्त सपाट रस्त्यावर आणि कोरड्या हवेत चालत असेल, तर नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर (लायनर ड्रमवर दाबणारे) आणि लेथवर टर्न केलेले ड्रम यांवर पैसे घालवा. तेच जास्त शहाणपणाचं. जनरल मोटर्सनेही आपल्या अर्धा टनी पिकअपला १९९९ मध्ये चारही चाकांना डिस्क दिल्या, २००५ च्या सुमारास बऱ्याच मॉडेलांना मागे पुन्हा ड्रम लावले आणि २०१४ मध्ये परत डिस्कवर आली. मागच्या चाकाला ड्रम म्हणजे मागासलेपण, असं काही नाही.

कोणते भाग लागतात?

रोटर (ब्रेकची फिरती तबकडी) २, के-२० या पाऊण टनी पिकअपच्या पुढच्या चाकांचे. चार चाकी ड्राइव्हच्या के-२० मध्ये रोटर हबपासून वेगळा असतो, म्हणून तो चालतो. दोन चाकी ड्राइव्हच्या सी-२० चा रोटर हबसकट एकसंध असतो, तो घेऊन उपयोग नाही. कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारी पकड) २, त्याच गाडीचे, एक डावा आणि एक उजवा. त्यांचा पिस्टन २.९४ इंचांचा, म्हणजे साधारण ७५ मिमीचा. कॅलिपर ब्रॅकेट २, पॅडचा एक सेट, कॅलिपरचे स्लाइड बोल्ट, बुश आणि रबर.

ब्रेक होज २, बँजो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारे पोकळ बोल्ट) २ आणि तांब्याचे वॉशर ४. जुन्या आणि नव्या कॅलिपरचे बँजोचे आटे वेगळे निघतात, म्हणून बोल्ट कॅलिपरमध्ये हाताने पूर्ण फिरवून बघूनच विकत घ्या. हबचे ऑईल सील २, एक्सल फ्लँजचे गॅस्केट २ आणि १६ व्हील स्टड. जुने स्टड पुन्हा ठोकून बसवण्याचा मोह टाळा, कारण एकदा निघालेल्या स्टडचे दाते झिजलेले असतात आणि नट आवळताना तो जागेवर फिरतो. याशिवाय ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारा), ३/१६ इंची स्टीलचा पाइप, ब्रेक ऑईल आणि ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल.

ब्रॅकेट घरी कापून वेल्ड केलं तर चालेल का?

चांगली तयार ब्रॅकेट १० ते १३ मिमी जाड पोलादी प्लेटची असतात आणि बॅकिंग प्लेट (ड्रमच्या मागची स्थिर चकती) जिथे बसते त्याच फ्लँजवर बोल्टने बसतात. तीच घ्या. ब्रेकचा सगळा ताण या एका तुकड्यावर येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ब्रॅकेट अर्धा अंश जरी वाकलं, तरी कॅलिपर तिरका बसतो, पॅड पाचरीसारखे झिजतात आणि पेडल मऊ लागतं. मग महिनाभर ब्रेकच्या लाइनमधली हवा काढत बसावं लागतं, आणि हवा तिथे नसतेच.

जुने ड्रम कसे काढायचे?

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, एक्सलखाली स्टँड द्या आणि मगच चाकं काढा. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका. हा एक्सल जड आहे.

शाफ्टचे ८ बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढा. खाली ट्रे ठेवा, गिअर ऑईल येणारच. आतला लॉक काढून बेअरिंगचा नट खास खाचांच्या सॉकेटने सोडा. छिन्नी आणि हातोडीने नट फिरवणारे बरेच असतात, पण त्यामुळे खाचा चुरगळतात आणि परत बसवताना ताण नीट देता येत नाही. नट निघाला की हब आणि ड्रम एकत्र बाहेर येतात. दोन माणसं असू द्या.

जुन्या हबवर ड्रम मागच्या बाजूने बसलेला असतो आणि व्हील स्टडनेच हबला धरलेला असतो. स्टड प्रेसवर दाबून काढले की ड्रम सुटतो. काही नंतरच्या हबवर ड्रम बाहेरून सरकवलेला असतो. रोटर घेण्याआधी आपला हब कुठला ते बघा.

जुन्या लायनरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घ्या आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका.

रोटर बसवताना काय बघायचं?

रोटर ड्रमच्या जागी, हबच्या मागे बसतो. हबचा तो तोंडाचा भाग वायर ब्रशने चकचकीत करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी रोटर डगमगतो. स्टड हातोडीने न ठोकता प्रेसने समोरासमोर थोडे थोडे दाबत न्या. रोटर हबवर सपाट टेकत नसेल, तर टर्नरकडे नेऊन तो भाग लेथवर साफ करून घ्या, ग्राइंडर लावू नका.

नवं ऑईल सील बसवून हब चढवा. बेअरिंगला आधीच गिअर ऑईल चोळून घ्या, नाहीतर पहिले काही किलोमीटर ती कोरडी फिरतात. हब हाताने फिरवत फिरवत नट ५० फूट-पाउंडपर्यंत आवळा, मग सैल करा आणि पुन्हा फक्त हाताच्या जोराने बसवून लॉक घाला. हब मोकळा फिरला पाहिजे, पण धरून हलवला तर खुळखुळ जाणवता कामा नये. शेवटी डायल गेज लावून रोटर किती लहरतो ते मोजा. ०.१ मिमीच्या आत असला पाहिजे.

बेअरिंगच्या ढिलाईचा ब्रेकशी काय संबंध?

खूप जवळचा, आणि ड्रमवरून आलेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही. ड्रममध्ये हब थोडा हलला तरी लायनरला फारसा फरक पडत नाही. डिस्कमध्ये रोटर हलला की तो पॅडला आणि पॅड पिस्टनला मागे ढकलतो.

हिशोब असा. ७५ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ४४ चौ. सेमी. दोन्ही बाजूंचे पिस्टन १ मिमी मागे गेले तर ते भरून काढायला जवळजवळ ९ घन सेमी ऑईल लागतं. सव्वा इंचापेक्षा थोडा लहान, म्हणजे १ १/८ इंची मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर लाइनमध्ये ऑईल ढकलणारा) असेल, तर त्याच्या पिस्टनला त्यासाठी सुमारे १४ मिमी सरकावं लागतं. पेडलची पट (पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनच्या हालचालीचं प्रमाण) चार धरली तर पेडल साडेपाच सेंटिमीटर खाली जातं, तेही ब्रेक लागायच्या आधी. वळणावरून बाहेर आल्यावर पहिलं पेडल खाली गेलं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं, तर आधी बेअरिंग तपासा.

कॅलिपर डावा-उजवा झाला तर?

हवा कधीच पूर्ण निघणार नाही. हवा काढायची निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला आली पाहिजे. खाली आली तर हवेचा फुगा वर अडकून बसतो. भल्याभल्या गॅरेजमध्ये ही चूक होते, कारण कॅलिपर उलट बाजूलाही व्यवस्थित बसतो.

जुना मास्टर सिलिंडर चालेल का?

कधी चालतो, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय नाही.

पहिली, मागच्या लाइनची टाकी. ड्रममध्ये लायनर झिजले की ॲडजस्टर पुढे सरकतो, त्यामुळे टाकीतलं ऑईल फारसं उतरत नाही. म्हणूनच पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या मास्टर सिलिंडरची मागची टाकी लहान असते. डिस्कमध्ये तशी सोय नाही. एका कॅलिपरचे दोन्ही पॅड प्रत्येकी ८ मिमी झिजले, तर पिस्टन १६ मिमी बाहेर येतो आणि त्याच्या मागे ७० घन सेमी ऑईल जाऊन बसतं. दोन्ही बाजू मिळून १४०. लहान टाकी तेवढ्यात कोरडी पडू शकते. गळती कुठेच दिसत नाही आणि एक दिवस मागचे ब्रेक जातात. दोन्ही टाक्या मोठ्या असलेला, चारही डिस्कसाठीचा मास्टर सिलिंडर घेणं हा यावरचा सरळ उपाय.

दुसरी, रेसिड्युअल व्हॉल्व्ह. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब राखून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो, बहुधा मास्टर सिलिंडरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी. डिस्कला तो ठेवला तर पॅड कायम घासत राहतात, रोटर निळा पडतो आणि चाकातून वास येतो. तो काढलाच पाहिजे.

मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर लावून पेडल वर आणायचं, हा मार्ग लोकांना आवडतो. पण १ १/८ वरून १ १/४ इंचांवर गेलात की त्याच दाबासाठी पायाला जवळजवळ पाव पट जास्त जोर लावावा लागतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) सुस्थितीत नसेल तर ते लगेच जाणवतं.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह खरंच लागतो? बरेच जण तसेच चालवतात.

लागतो. या संपूर्ण कामात जीवावर बेतू शकणारी गोष्ट हीच आहे.

ड्रममधला पुढचा शू (लायनर बसवलेली अर्धगोल पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जातो आणि स्वतःचा जोर स्वतःच वाढवतो. डिस्कला तसं काही नसतं, तिला सगळा जोर दाबातूनच लागतो. उलट, कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरच्या एक ते सव्वा इंची पिस्टनपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणजे जुनं गणित दोन्ही बाजूंनी मोडलं. मागची चाकं आता कमी धरतील की जास्त, हे गाडीतलं ओझं, टायर आणि पॅड यांवर ठरतं. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली, तर गाडीचा मागचा भाग फिरतो आणि स्टिअरिंगने तो सावरता येत नाही. पावसात तर विचारूच नका.

गाडीच्या मूळ कॉम्बिनेशन व्हॉल्व्हमध्ये तीन कामं एकत्र असतात. एका बाजूचा दाब गेला तर दिवा लावणं, मागचा दाब मर्यादेत ठेवणं, आणि मागच्या शूची स्प्रिंग ताणली जाईपर्यंत पुढच्या डिस्कला क्षणभर थांबवणं. मागेही डिस्क आल्यावर हे तिसरं काम नको असतं. म्हणून चारही डिस्कसाठीचा व्हॉल्व्ह बसवा आणि मागच्या लाइनवर ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह द्या. एकामागे एक असे दोन प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह ठेवू नका. मग मागचा दाब इतका पडतो की डिस्क नुसत्या शोभेला राहतात.

सेटिंग करताना मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरू करा. मोकळं, सपाट मैदान, गाडी रिकामी, वेग ताशी ३० ते ४० किमी. बाहेर उभा राहिलेला माणूस चाकं बघतो. जोरात ब्रेक दाबा, पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत. एकेक पायरी मागचा दाब वाढवा. मागची चाकं आधी जाम होऊ लागली की दोन पायऱ्या मागे या आणि तिथे खूण करून ठेवा. नंतर हेच ओल्या जमिनीवर तपासा. रिकाम्या गाडीवरचं सेटिंग माल भरल्यावर थोडं कमी पडतं, तरी तेच ठेवा. गाडी फिरण्यापेक्षा थोडं उशिरा थांबणं परवडतं.

हँडब्रेकचं काय?

के-२० चे कॅलिपर लावले की हँडब्रेक गेला, कारण त्यांना केबल जोडायची जागाच नसते. इथे बहुतेक लोक ‘नंतर बघू’ म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही.

एक पर्याय म्हणजे १९७९ च्या पुढच्या कॅडिलॅक एल्डोराडोचे मागचे कॅलिपर, ज्यांना केबलचा लिव्हर असतो. पण त्यांचा पिस्टन लहान, त्यामुळे पकड कमी. आणि पॅड झिजतील तसा पिस्टन पुढे सरकवण्याचं काम त्यांच्यात हँडब्रेकचा लिव्हरच करतो. हँडब्रेक रोज ओढला नाही तर अंतर वाढत जातं, पेडल खाली जातं आणि माणूस परत हवा काढायला बसतो. पहिल्यांदा बसवल्यावर लिव्हर अनेकदा पुढेमागे हलवून पिस्टन जागेवर आणावा लागतो.

दुसरा पर्याय, ट्रान्सफर केसच्या (चार चाकी ड्राइव्हमध्ये जोर पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) मागच्या तोंडावर प्रॉपेलर शाफ्टचा ब्रेक. उभी गाडी धरायला तो ताकदवान आहे. मात्र प्रॉपेलरचा क्रॉस तुटला किंवा मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर डिफरन्शियलमुळे गाडी सुटते. चालत्या गाडीत तो ओढायचा नाही.

तिसरा, रोटरच्या टोपीत लहान ड्रम असलेली रचना, जी कारखान्यातून मागे डिस्क आलेल्या, नंतरच्या पिढ्यांतल्या हेवी ड्यूटी गाड्यांवर असते. काम म्हणून हीच सर्वांत चांगली, पण त्यासाठी हब, ब्रॅकेट, रोटर सगळंच बदलतं आणि मग अख्खा एक्सल बदलणं स्वस्त पडतं.

लाइनमध्ये ऑईल कोंडून ठेवणारं लाइन लॉक हा हँडब्रेक नव्हे. रात्रभरात दाब उतरतो. अमेरिकेच्या फेडरल ब्रेक मानकातही पार्किंग ब्रेक यांत्रिक पद्धतीनेच लागून राहिला पाहिजे, असं आहे.

हवा कशी काढायची?

नवा मास्टर सिलिंडर आधी टेबलावरच भरून त्यातली हवा काढा. मग सर्वांत लांबच्या चाकापासून: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. डॉट ३ किंवा डॉट ४ ऑईल चालेल. सिलिकोनचं डॉट ५ यांत मिसळू नका. पाइपला ४५ अंशांची डबल फ्लेअर (तोंड पसरवून दुहेरी दुमडणं) करा. कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या पाइपला कधीही नाही. तांब्याचे वॉशर बँजोच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक वेळी नवे.

१६ इंची रिम बसेल का?

मूळ १६ इंची रिम सहसा बसते, १५ इंची अडते. पण कॅलिपर बसवून, रिम चढवून, चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. कॅलिपर आणि रिममध्ये किमान ३ मिमी जागा हवी. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सची वजनं कॅलिपरला घासतात, तीही बघा.

पहिल्यांदा रस्त्यावर काढताना?

एक्सलमधल्या गिअर ऑईलची पातळी आधी भरा. गाडी उभी असतानाच पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मग ताशी ५० किमीवरून ८-१० किमीपर्यंत मध्यम ब्रेक, दरवेळी मध्ये अर्धा मिनिट थांबून, असं आठ-दहा वेळा. ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून उभे राहू नका, पॅडचा ठसा रोटरवर उमटतो आणि नंतर पेडल थरथरतं. ८० किमी अंतर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबच्या आत सीलपाशी गळती बघा. रोटरवर गिअर ऑईल पडलं असेल तर पॅड धुऊन काही होत नाही, नवेच घ्यावे लागतात.

१९८८ नंतरच्या, मागे एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला हे करता येईल का?

बसतं, पण मागच्या चाकांचा तो एबीएस ड्रमच्या हिशोबाने दाब सोडतो आणि धरतो. डिस्कवर तो कसा वागेल याची खात्री नाही. एबीएस काढून टाकणं हाही उपाय नाही. अशा गाडीला ड्रमच ठेवा, असा आमचा सल्ला.

भारतातल्या पिकअपवर किंवा ट्रकवर हेच करता येईल का?

वर दिलेले भाग तर नाहीच बसणार. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपला मागे ड्रम असले तरी एबीएस आणि ब्रेकचा दाब वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ड्रम धरूनच जुळवलेली असते. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी विचारून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

मोठ्या मालट्रकचा विषयच निराळा. तिथे हवेचे ब्रेक, एस-कॅम (शू पसरवणारा एस आकाराचा कॅम) आणि स्लॅक ॲडजस्टर (तो कॅम फिरवणारा, अंतर जुळवता येणारा लिव्हर) असतात. एअर डिस्क ब्रेक बसवायचा तर हवेच्या चेंबरपासून एक्सलच्या टोकापर्यंत सगळं बदलावं लागतं. घाटात ब्रेक तापतात ही तक्रार असेल, तर आधी स्लॅक ॲडजस्टरचा स्ट्रोक चारही कोपऱ्यांत सारखा आहे का ते मोजा, लायनर आणि ड्रमची जाडी बघा, आणि उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

काढलेले ड्रम आणि बॅकिंग प्लेट भंगारात द्यावेत का?

ड्रमवर लिहिलेल्या कमाल व्यासापेक्षा ते मोठे झाले असतील तर द्या. नाहीतर बॅकिंग प्लेट, ॲडजस्टर आणि हँडब्रेकच्या केबल वर्षभर तरी ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला मूळ ब्रेक हवे असतील, तर हेच भाग शोधायला सर्वांत जास्त वेळ जातो.